यंत्राला थांबावयास कोणी सांगावे?

आमच्या कोगनोळीवरून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचा असेल. बडोदे किंवा इंदूरकडून गावी येणारा आणि पुढे बेळगाव, धारवाड, हुबळीकडे जाणारा मराठी माणूस कागल मागे टाकतो, दूधगंगेचा पूल ओलांडतो आणि आमच्या टोलनाक्याशी येऊन ठेपतो. पूर्वी येथे सुट्या पैशांवरून वादावादी होत असे. २०२१ च्या फेब्रुवारीपासून देशभर फास्टॅग सक्तीचा झाला आणि ती बहुतांशी संपली. गाडीच्या काचेवरील चिठ्ठी वाचली जाते, कोठल्या तरी दूरच्या खोलीतील यंत्र होकार देते आणि दांडा वर जातो. तो होकार देणारे यंत्र म्हणजे सर्व्हर. ते ज्या खोलीत रात्रंदिवस घुमत असते, त्या खोलीविषयी, आणि ती खोली अकस्मात तापू लागली तर काय करावयाचे याविषयी, आज लिहावयाचे आहे.

शाळामास्तराने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. आमच्या हाताखालून गेलेली निम्मी मुले आज पुण्यात किंवा बंगळुरात याच व्यवसायात आहेत. शिवाय अशी खोली आता केवळ मोठ्या कंपन्यांपुरती उरलेली नाही. पतसंस्था, दूध संघ, साखर कारखाना, इस्पितळ, महाविद्यालय, ज्या ज्या ठिकाणी आपली माणसे संचालक किंवा विश्वस्त म्हणून बसतात, त्या बहुतेक ठिकाणी जिन्याखाली किंवा माडीवर एक बंद खोली असते, तिच्यात लोखंडी कपाटात दोन-चार सर्व्हर असतात आणि भिंतीवर एक एअर कंडिशनर असतो. त्या खोलीची किल्ली कोणाजवळ आहे हे संचालकांना ठाऊक असते. ती तापली तर काय होईल, हे बहुधा कोणी विचारलेले नसते.

प्रथम उष्णता येते कोठून ते पाहू. सर्व्हर जेवढी वीज खातो, तेवढी जवळजवळ सगळी अखेर उष्णतेच्या रूपाने खोलीत सोडतो. तीन किलोवॅट वीज घेणारे कपाट म्हणजे हजार वॅटच्या तीन शेगड्या अहोरात्र पेटवून ठेवलेली खोली. नववीच्या वर्गाला घालावे असे हे गणित आहे. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे ४० किलो हवा मावते. एक किलो हवा एक अंशाने तापावयास साधारण एक किलोज्यूल उष्णता लागते आणि आपल्या शेगड्या सेकंदाला तीन किलोज्यूल देतात. म्हणजे थंडावा बंद पडला तर केवळ हवेचा हिशेब धरता दर तेरा-चौदा सेकंदांना एक अंश! प्रत्यक्षात भिंती, फरशी आणि कपाटाचे लोखंड पुष्कळशी उष्णता पितात, म्हणून वेग बराच मंदावतो. तरीही पाव ते अर्ध्या तासात खोली हाताबाहेर जाऊ शकते. रविवारी दुपारी निपाणीहून दुरुस्तीचा माणूस मोटारसायकलवर निघून कुलूप उघडीपर्यंत तेवढा वेळ सहज जातो.

यात एक विचित्र मेख आहे आणि ती आपल्या भागात विशेष जाचते. वीज गेली तरी सर्व्हर बंद पडू नये म्हणून यूपीएस बसविलेला असतो. परंतु एअर कंडिशनर बहुधा त्या यूपीएसवर नसतो, कारण त्याची भूक मोठी. म्हणजे वीज जाताच थंडावा थांबतो आणि शेगड्या मात्र बॅटरीवर पेटलेल्याच राहतात. जे उपकरण रक्षणासाठी आणले, तेच खोली तापवीत राहते! पुढे वीज आली तरी काही जुने एअर कंडिशनर आपण होऊन सुरू होत नाहीत. कोणी तरी कळ दाबावी म्हणून ते वाट पाहत बसतात. शनिवारी रात्री पाच मिनिटे वीज गेली आणि सोमवारी सकाळी दार उघडणाऱ्याच्या तोंडावर भट्टीसारखी वाफ आली, ही हकिगत आम्ही एका संस्थेच्या चिटणीसांच्या तोंडून ऐकली आहे. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही.

हे केवळ लहान गावांचे दुखणे आहे असे मात्र समजू नये. १९ जुलै २०२२ रोजी लंडनच्या हीथ्रो येथे ४०.२ अंश तापमान नोंदले गेले, आणि त्याच दिवशी लिंकनशायरमधील कॉनिंग्जबी येथे ४०.३ अंश. ब्रिटनच्या नोंदींत पारा चाळिशीपार गेल्याची ती पहिलीच वेळ. तेथील हवामान खात्याने चार दिवस आधी, १५ जुलैलाच, अतिउष्णतेचा आपल्या इतिहासातला पहिला लाल इशारा दिला होता. आपल्याकडे मे महिन्यात चाळीस अंशांना कोणी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जागा देत नाही. पण तेथील इमारती आणि तेथील शीतयंत्रे त्या उन्हासाठी आखलेलीच नव्हती.

त्या दिवशी लंडनमध्ये काय घडले ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. गूगल कंपनीच्या तेथील एका केंद्रात थंडावा पुरविणाऱ्या एकाहून अधिक यंत्रणा एकाच वेळी बिघडल्या. एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून ठेवलेल्याच या यंत्रणा होत्या. तेव्हा यंत्रांस इजा होऊ नये आणि खोळंबा लांबू नये म्हणून कंपनीने त्या केंद्राचा एक भाग आपण होऊन बंद केला. ओरॅकल कंपनीनेही त्याच दिवशी, ज्यांवाचून तूर्त अडत नाही अशी यंत्रे खबरदारी म्हणून विझविली. ग्राहकांची गैरसोय झाली, कोणाची संकेतस्थळे मिटली, तक्रारीही झाल्या. परंतु एक-दीड दिवसात बहुतेक गोष्टी पूर्ववत झाल्या.

त्याच शहरात, त्याच दिवशी, गाईज आणि सेंट टॉमस या जोडइस्पितळांची दोन्ही संगणक-केंद्रे बंद पडली. सेंट टॉमस म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली जेथे परिचारिकांची शाळा काढली ते इस्पितळ. एक केंद्र पडले तर दुसऱ्याने सावरावे अशी मूळ कल्पना, पण ऊन दोघांवरही एकच होते. ३७१ संगणक-प्रणालींना त्याचा फटका बसला. डॉक्टर आणि परिचारिका कागद-पेन्सिलीवर आल्या, रक्ततपासणीचे निकाल हातोहात पोहोचवावे लागले, शस्त्रक्रिया आणि भेटी पुढे ढकलाव्या लागल्या. सर्व काही मूळ पदावर यावयास सप्टेंबर उजाडला. एका दुपारच्या उन्हाची किंमत दोन महिने! न्यायाने बोलावयाचे तर या दोन प्रसंगांची तुलना सरळ नाही. इस्पितळाची यंत्रणा जुनी होती, तिचे धागे एकमेकांत गुंतलेले होते आणि तिची उभारणी पुन्हा करणे मुळातच अवघड होते. तरीही एक भेद डोळ्यांत भरतो. एका ठिकाणी थांबण्याची वेळ माणसाने ठरविली आणि दुसऱ्या ठिकाणी यंत्रे कोलमडल्यावर माणसांना धावावे लागले.

येथे वाचक विचारतील की यंत्र फारच तापले तर ते आपण होऊन बंद होत नाही काय? होते. प्रक्रियक, म्हणजे सर्व्हरचा मेंदू, शंभर अंशांच्या आसपास जाऊ लागला की प्रथम आपली गती कमी करतो आणि तरी भागले नाही तर वीज तोडून मोकळा होतो. पण ही आत्मरक्षण करणाऱ्या जिवाची शेवटची धडपड आहे. तिच्यात हातातले काम आवरण्याची फुरसत नसते. एका खात्यातून रक्कम वजा झाली आहे, दुसऱ्यात जमा व्हावयाची आहे, आणि मधल्याच क्षणी काळोख! चांगल्या प्रणालीत अशी अर्धवट नोंद नंतर रद्द करण्याची सोय असते हे खरे. परंतु तबकडीच तापून निकामी झाली, किंवा पाच यंत्रे पाच निरनिराळ्या क्षणी पडली, तर कोणाची वही खरी मानावी हा प्रश्न उरतोच. शिस्तीने बंद होणारा सर्व्हर प्रथम नवी कामे घेणे थांबवितो, हातातली पुरी करतो, वह्या मिटतो आणि मग दिवा मालवितो. याला काही मिनिटे लागतात. ती मिनिटे त्याला मिळावीत, एवढ्यासाठीच सारी व्यवस्था करावयाची असते.

आमच्या भागातील ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे चटकन उमगेल. काहील चुलवाणावरून उतरविण्याचा क्षण गुळव्या ठरवितो आणि रस करपल्याचा वास येण्यापूर्वी ठरवितो. वास येईपर्यंत थांबणारा गुळव्या कोणी दुसऱ्यांदा बोलावीत नाही.

तर हा क्षण यंत्राला आधी शिकवून ठेवता येतो आणि त्यासाठी फार खर्चही येत नाही. बहुतेक सर्व्हरांत मुख्य यंत्राहून वेगळे, सतत जागे राहणारे एक लहान देखरेख-मंडल असते. आत शिरणाऱ्या हवेचे तापमान ते मोजत असते आणि आयपीएमआय नावाच्या ठरावीक पद्धतीने विचारले की सांगते. खोलीत स्वतंत्र तापमापकही लावता येतो. कित्येक यूपीएसना तो जोडण्याची सोय असते. दर मिनिटाला हे तापमान विचारावयाचे आणि ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले तर बंद होण्याची आज्ञा सोडावयाची, एवढेच काम करणारी लहानशी आज्ञावली आमचा एखादा माजी विद्यार्थी एका दुपारी लिहून देईल. यूपीएसशी बोलून सर्व्हर शिस्तीने बंद करणारी, नेटवर्क यूपीएस टूल्स नावाची मोफत प्रणालीही उपलब्ध आहे.

अवघड आहे ते आज्ञावली लिहिणे नव्हे, तर आकडे ठरविणे. या क्षेत्रात मान्यता पावलेली अमेरिकेतील ॲश्रे ही संस्था सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांच्या दरम्यान असावी असे सुचविते. साधारण प्रतीचे सर्व्हर ३५ अंशांपर्यंत सोसतात. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत असतो. मग बंदीची आज्ञा ३५ वर ठेवावी काय? येथे पुन्हा एक त्रैराशिक मांडावे लागते. समजा, सगळी यंत्रे शिस्तीने बंद व्हावयास बारा मिनिटे लागतात आणि थंडावा गेल्यावर खोली दर दोन मिनिटांस एक अंश चढते. म्हणजे बंद होता होताच तापमान सहा अंशांनी वाढणार. चाळीस ही आपली लक्ष्मणरेषा असेल तर आज्ञा ३४ लाच सुटली पाहिजे. हे दोन्ही आकडे, बंद होण्याचा अवधी आणि तापण्याचा वेग, प्रत्येक खोलीचे निराळे असतात. ते घड्याळ लावूनच काढावे लागतात. दुसऱ्या संस्थेचे आकडे उतरवून घेणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणे होय.

एकाच मोजणीवर विश्वास ठेवून यंत्र बंद करू नये. कोणी दार उघडे टाकले, कोणी तापमापकाशेजारी चहाची किटली ठेवली, एवढ्यावरून पतसंस्थेचा कारभार थांबणे बरे नव्हे. तीन-चार मिनिटे सलग तापमान चढेच राहिले तरच आज्ञा सुटावी. शक्यतो दोन तापमापक असावेत आणि ते हवा जेथून आत शिरते त्या बाजूस असावेत. मागच्या बाजूची हवा नेहमीच कढत असते, तेथे मोजल्यास रोजच संकट दिसेल. आणि तापमापकच मुका झाला, त्याच्याकडून काही उत्तरच आले नाही, तर ती बंदीची आज्ञा न समजता माणसाला बोलावण्याची खूण समजावी.

सगळी यंत्रे एकदम बंद करावयाची नसतात, हेही ध्यानात ठेवावे. आधी इशारा, तिशीच्या जरा वर. मग ज्यांवाचून भागते ती यंत्रे, चाचणीची, शिकवणीची, जुन्या कागदपत्रांची. एवढ्यानेच कित्येकदा शेगडी निम्मी होते आणि उरलेल्या थंडाव्यात मुख्य यंत्रे तग धरतात. तरीही पारा चढला तर खिडकीवरच्या व्यवहाराची यंत्रे, त्यानंतर ज्यात खतावणी असते तो सर्व्हर, त्यानंतर साठवणीच्या तबकड्यांचे कपाट. ज्या जोडणी-पेटीतून या साऱ्या आज्ञा प्रवास करतात ती सर्वांत शेवटी. ती आधी विझली तर बाकीच्यांपर्यंत निरोप पोहोचणारच नाही. घर सोडताना दाराची कडी सर्वांत शेवटी लावावी, तसे हे आहे.

या क्रमात नकळत एक निवाडा असतो, आणि तो तंत्रज्ञाने एकट्याने करण्याजोगा नाही. इस्पितळात आधी काय बंद व्हावे, पगारपत्रकाचे यंत्र की रक्ततपासणीचे? प्रश्न सोपा वाटतो, पण कागदावर लिहून ठेवलेले नसेल तर तापलेल्या खोलीत तो कोणी सोडवावयाचा? आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात हिंजवडीला अशाच कामावर आहे. दिवाळीत तो भेटावयास आला तेव्हा आम्ही त्याला विचारले, "तुझ्याकडे ही व्यवस्था आहे ना रे?"

"आहे, गुरुजी," तो म्हणाला. "पण तीन ठिकाणी नोकरी केली, त्यांतल्या दोन ठिकाणी ती बसवून मुद्दाम बंद ठेवलेली बघितली. खोली तापली म्हणून मला कधी कुणी बोललं नाही. चालतं यंत्र का थांबवलंस म्हणून मात्र बोलणी खाल्लीत."

त्याच्या बोलण्यातच या विषयाचे मर्म आहे असे आम्हांस वाटते. नफातोट्याच्या पत्रकात न झालेले नुकसान दिसत नाही, झालेला खोळंबा मात्र दिसतो. म्हणून ज्याच्या हाती कळ आहे तो ती दाबावयास कचरतो, वरिष्ठांचा फोन लागेपर्यंत वाट पाहतो, आणि तेवढ्यात पारा आपले काम करतो. यावर उपाय एकच. संचालक मंडळाने थंड डोक्याने, शक्य तर थंडीच्या दिवसांत, ठराव करावा की अमुक अंशांवर यंत्रे आपोआप थांबतील, अमुक क्रमाने थांबतील आणि त्याबद्दल कोणास जाब विचारला जाणार नाही. हा ठराव इतिवृत्तात असावा. पुढच्या वर्षी नवे मंडळ आले तरी तो वाचता यावा.

मोठ्यांकडेही निष्काळजीपणा होत नाही असे नाही. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंगापुरात डीबीएस आणि सिटीबँक या दोन बँकांचे व्यवहार ठप्प झाले. दोघींची यंत्रे ज्या केंद्रात होती तेथे थंड पाण्याच्या व्यवस्थेची ठरवून सुधारणा चालली होती आणि ते काम करणाऱ्या ठेकेदाराकडून झडपा बंद करण्याचा चुकीचा संकेत गेला. तापमान चढले. सुमारे २५ लाख देणी आणि एटीएमवरील व्यवहार पुरे होऊ शकले नाहीत. पर्यायी केंद्राकडे काम वळविताना दोन्ही बँकांना निराळ्याच अडचणी आल्या. त्या वाटा खऱ्या संकटासारख्या पूर्ण वापरून पाहिलेल्या असत्या तर त्या अडचणी आधीच उमगल्या असत्या, असे आमचे मत आहे.

म्हणून आपली व्यवस्थाही वर्षातून एकदा खरोखर चालवून पाहिली पाहिजे. त्यासाठी खोली तापविण्याची गरज नाही. सुटीच्या दिवशी, सगळ्या नोंदींची प्रत काढून झाल्यावर, बंदीची मर्यादा तात्पुरती २० अंशांवर आणावी आणि काय घडते ते घड्याळ हातात घेऊन पाहावे. कोणते यंत्र अडून बसले, कोणते रांग सोडून आधीच झोपले, इशाऱ्याचा संदेश कोणाच्या मोबाइलवर गेला आणि तो माणूस गेल्या वर्षीच नोकरी सोडून गेला आहे काय, हे सारे त्या अर्ध्या तासात कळते. मर्यादा पूर्ववत करण्यास मात्र विसरू नये.

पुन्हा सुरू करणे यंत्रावर सोपवू नये. खोली जरा निवली की सर्व्हर उठतील, पुन्हा तापतील, पुन्हा झोपतील, असा खेळ यंत्रांच्या आयुष्यास घातक असतो. प्रथम माणसाने आत जावे, थंडावा का गेला होता ते पाहावे, एअर कंडिशनर चालू आहे याची खात्री करावी आणि पारा २७ च्या खाली येऊन काही वेळ तेथे टिकू द्यावा. मग बंद केले त्याच्या उलट क्रमाने, जोडणी-पेटीपासून आरंभ करून, एकेक यंत्र उठवावे. यूपीएसच्या बॅटऱ्याही तपासून घ्याव्यात, कारण शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर आठ-दहा अंशांच्या कायमच्या वाढीगणिक निम्मे होते. खोलीचा कोप त्यांनीही सोसलेला असतो.

आणि हा क्रम, मर्यादेचे आकडे, वीज मंडळाचा, एअर कंडिशनर दुरुस्त करणाऱ्याचा आणि किल्ली असलेल्या दोघांचा फोन क्रमांक, हे सर्व मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूस चिकटवावे. संगणकात ठेवलेली यादी त्या दिवशी उघडणार नाही.